सांगलीचा साऊंडवाला आणि पाण्यातले स्पीकर

मी सांगलीत साऊंड सिस्टीमचा धंदा करतो. लग्नं, वाढदिवस, पारायणं, शाळांची गॅदरिंग, भावे नाट्यमंदिरात अधूनमधून एखादं नाटक नाहीतर ऑर्केस्ट्रा, आणि गणपतीत मंडळांची कामं. म्हणजे ज्याला जेवढा मोठा आवाज पाहिजे तेवढा द्यायचा आणि पोलीस आले की कमी करायचा, असा एकंदर प्रकार. त्यामुळं आर्टिस्टिक स्विमिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मी साऊंडला होतो असं सांगितलं की लोकांना वाटतं हा फेकतोय, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढू. स्पर्धेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याकडनं काम मिळालं त्यांनी तसं बजावलंय. आपल्याच देशात होती, आशियातले बरेच देश आले होते, एवढं पुरे.

आर्टिस्टिक म्हणजे पूर्वीचं सिंक्रोनाइज्ड स्विमिंगच, २०१७ ला नाव बदललं, पण तिथले जुने लोक अजून सिंक्रोच म्हणतात आणि मलाही तेच तोंडात बसलंय. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. मी आधी टीव्हीवर चॅनल बदलता बदलता दोन-चार मिनिटं बघितला असेल तेवढाच. पाण्यातनं पाय वर येतात, गाणं चालू असतं, पोरी हसत असतात. गाणं चालू असतं म्हणजे ते कुणीतरी लावत असणार, हा विचार साऊंडवाला असूनसुद्धा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

काम आलं पुण्याच्या मावसभावाकडनं. तो तिकडं मोठमोठ्या इव्हेंटचं साऊंड करतो, त्याला एक खात्रीचा माणूस पाहिजे होता. फोनवर म्हणाला, "दादा, पाण्यात स्पीकर सोडायचेत." मी म्हणलं, "माझे सोडून झालेत आधीच." कारण २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा माझ्या गोडाऊनमधले सगळे बेस, टॉप (बेसच्या वर ठेवायचे स्पीकर), ॲम्प पाण्याखाली होते, नंतर बाहेर काढले तर कोनमधनं गाळ निघत होता. स्पीकर आणि पाणी एकत्र आले की काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तो म्हणाला हे स्पीकर त्यासाठीच बनवलेले असतात, बाहेरनं मागवलेत, आणि पैसे पण बरे होते. सीझनही थंड होता. घेतलं काम.

आता पाण्यात स्पीकर कशाला, हे आधी सांगतो कारण प्रत्येकजण तेच विचारतो. पोहणाऱ्या पोरी निम्मा वेळ उलट्या असतात, डोकं खाली पाय वर, तळाला पाय टेकवायची परवानगी नाही, नाकाला क्लिप लावलेली नाहीतर उलटं झाल्यावर नाकात पाणी भरतं. बाहेर कितीही मोठा टॉप लावा, हवेतला आवाज पाण्यावर आपटून परत वरच जातो, आत शिरतो तो हजारातला एखादा भाग. म्हणजे मी बाहेर अख्खं गणपतीचं सेटिंग उभं केलं तरी खाली आठजणींना काही पत्ता लागणार नाही. मग पाय एकदम वर येणार कसे? म्हणून तेच गाणं एका वेगळ्या लाईनीनं पाण्यात सोडायचं.

मावसभावानं एक स्पीकर आधी बघायला म्हणून पाठवून दिला. मी उघडून बघितला तर ना कोन, ना जाळी. थाळीएवढा, जाडजूड, सगळीकडनं बंद आणि मागनं एक जाड केबल. सोबत एक ट्रान्सफॉर्मर, तो स्पीकरपेक्षा जड. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे खरा जीव आहे त्याचा, ॲम्पमधनं आलेली लाईन डायरेक्ट पाण्यात न जाता मध्ये हा बसतो, म्हणजे ॲम्पात काय शॉर्ट झालं तरी करंट पाण्यात उतरत नाही. मांडवात पावसाचं पाणी साठलेलं आणि खाली एक्स्टेंशन बोर्ड असली कामं मी आयुष्यभर बघितलीत, दोन झटके खाल्लेतही, पण इथं पाण्यात पोरं असणार होती. मी त्या ट्रान्सफॉर्मरचं वायरिंग कागदावर काढून ओळखीच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला दाखवून आणलं तेव्हा कुठं पुढं गेलो.

मग टेस्टिंग. सांगलीत टँक आहेत पण तिथं परवानगी, फी, नाना प्रश्न. कृष्णेत आता मगरींमुळं पोरं पूर्वीसारखी जात नाहीत. म्हणून मेव्हण्याच्या उसाच्या रानातल्या विहिरीवर गेलो, दगडी बांधकाम, पाणी चांगलं खोल. स्पीकर दोरीनं खाली सोडला, केबलवर कसलाही ताण नाही. पहिल्यांदा पाण्यात कुणीच नाही, टेस्टरनं पाणी, दोरी, पायऱ्यांचं लोखंड सगळं तपासलं, मग मी स्वतः उतरलो, आणि मग भाचे मंडळींना परवानगी. ती पोरं काठावर कधीपासनं नुसती उड्या मारायला टपलेली.

मी हलगी लावली होती. का, तर हलगीचा आवाज टोकदार असतो, कळायला सोपा. पहिला भाचा बुडी मारून वर आला आणि डोळे मोठे करून म्हणतो, "मामा, कानात न्हाय येत, टकुऱ्यात वाजतंय!" दुसरा म्हणाला आवाज खालनं येतोय, तिसरा म्हणाला पायऱ्यांकडनं, चौथा म्हणाला सगळीकडनं. भांडणं लागली त्यांच्यात. पण सगळे खरंच सांगत होते. आम्ही लहानपणी माई घाटावर पोहायला जायचो तेव्हा एकानं पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे आणि बाकीच्यांनी बुडी मारून तो कुठं आहे ते सांगायचं असा खेळ होता, आणि कुणालाच कधी सांगता यायचं नाही. त्याचं कारण मला चाळीशी ओलांडल्यावर कळलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात साधारण १,४८०, म्हणजे चौपटीहून जास्त. डाव्या आणि उजव्या कानाला आवाज पोचण्यात जो बारीकसा फरक असतो त्यावरनं मेंदू दिशा ठरवतो, आणि पाण्यात तो फरकच उरत नाही. वर आवाज कानाच्या पडद्यापेक्षा जास्त कवटीच्या हाडातनं आत जातो. टकुऱ्यात वाजतंय, अगदी बरोबर.

दुसरी गोष्ट विहिरीवर कळली ती म्हणजे आमचा लाडका बेस पाण्यात काही कामाचा नाही. त्या स्पीकरमधनं मुळातच कमी निघतो, आणि पाण्याची खोली कमी असली की खालचा बेस लांब जातच नाही, तिथल्या तिथं मरतो. विहिरीत निदान थोडा यायचा, तीन मीटरच्या टँकमध्ये काय होणार ते दिसतच होतं. म्हणजे आपण ज्याच्या जीवावर मिरवणुका काढतो तोच तिथं गैरहजर. त्या पोरी ऐकणार कशावर? टाळी, घुंगरू, झांज, हलगीची काडी, व्हायोलिन, माणसाचा आवाज, असल्या मधल्या आणि वरच्या आवाजांवर.

पण मला सारखं टोचत होतं ते वेगळंच. मिक्सरवर बसून मी पाण्यातलं ऐकणार कसं? बाहेरचा साऊंड कानाला कळतो, पाण्यातला काय दर वेळी उडी मारून बघायचा का? पाण्यातले माईक मिळतात पण महाग, आणि ते बजेटमध्ये धरलेले नव्हते. मग मिरज कामाला आली. सतारमेकर गल्लीत माझे जुने संबंध आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं ते सगळ्यांना माहितीय, पण तिथं वाद्याला चिकटवायचे पिकअपसुद्धा बसवून देतात हे बऱ्याच लोकांना माहिती नसतं. सतारीच्या लाकडाचं कंपन पकडणारी ती बारीकशी चकती, पाण्याचं कंपन का पकडणार नाही? दोन चकत्या घेतल्या, चांगली शिल्डवाली वायर जोडली, एपॉक्सी ओतून सगळीकडनं बंद केल्या आणि घरातल्या बादलीत बुडवून हेडफोन लावला. बायको शेजारी भांडी घासत होती, तिनं बादलीला पळी लावली तर माझ्या कानात असा ठणका बसला की हेडफोन फेकूनच दिला. चालत होतं म्हणजे!

स्पर्धेच्या गावी आम्ही बरेच आधी पोचलो. टँक बघून मी गप्पच झालो, एवढं निळं स्वच्छ पाणी आणि तळापर्यंत दिसतंय. पहिले काही दिवस नुसतं विजेचं काम, वेगळं अर्थिंग, वेगळा ईएलसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच), केबल कुठनं जाणार, कुणाच्या पायात येणार नाही, इन्स्पेक्शनवाले दोनदा येऊन गेले. हे कंटाळवाणं काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. पण घरी करून बघू म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.

मग खरं डोकं लावायचा भाग आला, टायमिंग. वरचे टॉप काठावर आणि स्पीकर पाण्यात. टॉपपासनं पंधरा मीटरवर असलेल्या पोरीचं डोकं पाण्याबाहेर असताना तिला गाणं पोचायला सेकंदाच्या हजार भागांतले चव्वेचाळीस लागतात, आणि तेवढ्याच अंतरावरच्या पाण्यातल्या स्पीकरचा आवाज डोकं आत गेल्यावर दहा भागांतच पोचतो. म्हणजे ती जेवढ्या वेळा खाली-वर करणार तेवढ्या वेळा गाणं तिच्यासाठी किंचित पुढं-मागं उडी मारणार. तुम्ही म्हणाल एवढ्याशानं काय होतं. ढोलताशा पथकातल्या कुणालाही विचारा काय होतं ते. आम्ही एका टोकाला मोठी रास उभी करायच्या ऐवजी दोन्ही काठांना छोटे टॉप पसरले, म्हणजे कुणीच फार लांब राहायला नको, आणि पाण्यातल्या लाईनीला पस्तीसेक मिलिसेकंदाचा डिले दिला, म्हणजे पाण्यातलं गाणं तेवढं उशिरा सोडलं. कुठंही उभं राहिलं तरी परफेक्ट असं होत नाही, मधल्या भागात जुळवायचं आणि कडेला सोडून द्यायचं. शेवटी मावसभाऊ पाण्यात उतरला, डोकं आत-बाहेर करत राहिला आणि मी एकेक मिलिसेकंद इकडं-तिकडं करत बसलो. रात्र झाली होती. काठावरचा वॉचमन बघत होता, त्याला वाटलं असणार दोघांचं फिरलंय.

प्रॅक्टिसला टीम यायला लागल्या आणि तिथं पहिल्यांदा कळलं की हे लोक गाणं ऐकतात ते आपल्यासारखं ऐकत नाहीत. मोजतात. सगळं आठाच्या मोजणीत, फाईव्ह सिक्स सेव्हन एट, मग पुन्हा एकपासनं. कोच काठावर उभी राहून मोठ्यानं मोजते आणि हातातला चमचा नाहीतर पाईपचा तुकडा टँकच्या लोखंडी शिडीवर आपटत राहते, टण टण टण, आणि तो टणत्कार पाण्यातनं थेट पोरींना जातो. जगभर असंच करतात म्हणे. मी माझी मिरजेची चकती पाण्यात सोडून ऐकलं तर त्या शिडीचा आवाज आमच्या बाहेरनं आणलेल्या स्पीकरपेक्षा स्वच्छ! थोडा अपमानच वाटला, पण त्यावरनं एक धडा घेतला आणि पाण्यातल्या लाईनीचा इक्वलायझर बदलला. खालचं सगळं कापून टाकलं, टण वाला भाग वर आणला. वर बाहेर हेच सेटिंग लावलं असतं तर लोकांनी कानात बोटं घातली असती. म्हणजे एकाच गाण्याची दोन मिक्सिंग, एक स्टँडमधल्या लोकांसाठी आणि एक ज्यांना वरचं काहीच ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. गोम सगळी दुसऱ्यात होती.

भाषेची अडचण फार आली नाही. प्रत्येक कोच सुरुवातीला येऊन एकच खूण करायची, बोट खाली पाण्याकडं आणि मग हातानं नॉब फिरवल्यासारखं, म्हणजे खालचा वाढव. बरं वाढवला. मग तिच्या पोरी वर येऊन डोक्याला हात लावून तोंड वेडंवाकडं करायच्या, म्हणजे फार झाला. एका टीमची तक्रार वेगळी होती, पाण्यात सारखं गुर्रर्र येतंय. मी घाबरलो, साऊंडमध्ये असली गुरगुर, ज्याला आम्ही हम म्हणतो, म्हणजे अर्थिंगचा लोचा आणि तो सुद्धा पाण्यात. सगळं बंद केलं, ॲम्पची मेन लाईन काढली, तरी हेडफोनवर गुर्रर्र चालूच! मग काठावर पालथा झोपलो, गळ्यातलं पासकार्ड पाठीवर टाकलं आणि डोकं पाण्यात घातलं, आणि ऐकलं, अगदी बारीक पण सलग. फिल्टरच्या पंपाचा आवाज होता तो, पाईपातनं पाण्यात येत होता. बाहेर उभं राहून अजिबात ऐकू येत नाही आणि आत गेलं की गिरणीजवळ राहिल्यासारखं. प्लांटवरचा माणूस चांगला होता, त्यानं रूटीनच्या (टीमनं गाण्यावर बसवलेल्या प्रकाराला रूटीन म्हणतात) वेळेला पंप हळू ठेवायचं कबूल केलं, आणि ती टीम खूश. माझा शर्ट मात्र गळ्यापर्यंत ओला आणि त्याच अवतारात मला रेफ्रींच्या मीटिंगला जावं लागलं.

त्या मीटिंगमध्ये नियम कळले. साऊंड सेंटरच्या प्रमुखाचं पद चक्क नियमपुस्तकात आहे, आणि आवाजाची मर्यादाही आहे, सरासरी नव्वद डेसिबल आणि क्षणभर जास्तीत जास्त शंभर, याच्यावर कुणाच्या कानाला जाता कामा नये, मीटर लावून बघायचं. मी हसलोच. गणपतीत डेसिबल मीटर घेऊन आलेला माणूस दिसला की आमच्या पोटात गोळा येतो, आणि इथं तो मीटर माझ्याच टेबलावर ठेवलेला.

बाकी वेळेचे नियम कडक. टीम फ्री साडेतीन मिनिटं, ड्युएट फ्री पावणेतीन, अॅक्रोबॅटिक तीन, पाच सेकंद इकडं-तिकडं चालतात. गाणं सुरू झालं की घड्याळ सुरू. चालत यायला तीस सेकंद, गाणं लागल्यावर काठावरच्या हालचालीला फक्त दहा सेकंद, मग पाण्यात. प्रत्येक देशाची फाईल आधीच आलेली असते, ती आम्ही ऐकून, मोजून, नावं नीट देऊन दोन लॅपटॉपवर ठेवलेली, दोन्ही एकदम चालणार, एक बंद पडला तर दुसरा मिक्सरवर उघडायचा.

आणि मग प्रत्यक्ष स्पर्धा. अनाउन्सर देशाचं नाव घेतो, पोरी ताठ मानेनं चालत येतात, केस असे चकाकतात जसं काय काच बसवलीय. तो जिलेटिन असतो, जेलीत घालतात तोच, गरम पाण्यात कालवून ब्रशनं केसांवर फासतात, टँकच्या पाण्यात विरघळत नाही आणि नंतर गरम पाण्याखाली बसून काढावा लागतो. येऊन पोझ घेतात आणि पुतळा होतात. इथं माझं काम. रेफ्रीकडं बघायचं, फक्त रेफ्रीकडं, बोट बटणावर. इशारा आला की दाबायचं. एवढंच. नाटकाला म्युझिक ऑपरेट करताना नट एखादं वाक्य खाऊन पुढं गेला तर आपण सांभाळून घेतो, तिथं आपल्याला पण थोडं नटता येतं. इथं काही सांभाळायला नाही. गाणं मध्ये बंद पडलं आणि चूक पोहणाऱ्यांची नसेल तर रेफ्री पुन्हा करायला लावतात, म्हणजे ज्यांनी दोन मिनिटं अर्धा श्वास घेऊन जीव काढला त्यांनी परत पहिल्यापासनं. ते आपल्यामुळं झालं तर तोंड दाखवायला जागा नाही.

टीममध्ये आठजण. अॅक्रोबॅटिक रूटीन चालू झालं तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. पाण्याखाली सगळे एकमेकांवर रचून उभे राहतात, तळाला न टेकता, नुसत्या पायांच्या जोरावर, आणि एका ठोक्याला सगळे मिळून वरच्या पोरीला हवेत फेकतात. ती वर जाऊन दीड-दोन कोलांट्या घेते आणि पाण्यात पडते. तो ठोका म्हणजे माझ्या स्पीकरमधला ठोका, खाली त्यांना दुसरं काहीच ऐकू येत नाही. त्या एका सेकंदाला माझ्या हाताला घाम यायचा, प्रत्येक वेळी.

एका टीमच्या गाण्यात मध्येच सन्नाटा होता. मला माहिती होतं, यादीत लाल पेननं लिहून ठेवलेलं, घाबरू नको गॅप आहे. फाईलवर बघितलं तर काही सेकंदांचा. पण हॉलमध्ये तो आला तेव्हा! सगळे उलटे, आठ जोड्या पाय सरळ वर, डोकी खाली, आणि गाणं गेलं. स्टँडमधनं लोकांचा आ असा आवाज, त्यांना वाटलं सिस्टीम बंद पडली, दोन-तीन माना माझ्याकडं वळल्या. मी लॅपटॉपवर बघितलं तर रेष पुढं सरकतेय, मीटर सपाट. हेडफोनवर मिरजेची चकती चालू होती, त्यात फक्त पाणी, हातांची सळसळ. ते हात खाली सारखे वल्ह्यासारखे चालू असतात, वरनं दिसत नाही. आणि त्या सन्नाट्यात सगळे पाय एकदम वळले. मग पुन्हा वळले. एकही मागंपुढं नाही, कारण डोक्यात मोजणी चालू. पाच, सहा, सात, आठ, आणि गाणं परत आलं ते बरोबर पाय पाण्यात जाताना. स्टँडमध्ये शिट्ट्या. मावसभावानं माझ्या पाठीत एक जोराची ठेवून दिली. मी काही केलं नव्हतं, खरं म्हणजे काही न करणं हेच केलं होतं, बटणाला हात लावला नाही.

मार्कांचं मला पटलं नाही ते पण सांगतो. २०२३ पासनं नवी पद्धत आलीय, कोचनं आधीच कागदावर लिहून द्यायचं की आम्ही या क्रमानं हे हे अवघड प्रकार करणार, आणि केलेला प्रकार लिहिल्याप्रमाणं नाही असं व्हिडिओवर बघणाऱ्यांना वाटलं की त्या भागाला एकदम तळाचा बेस मार्क. मग डोळ्याला एक नंबर दिसलेली टीम खाली जाते आणि साधी दिसलेली वर येते, बघणारा टाळ्या वाजवून कन्फ्यूज. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात पाठ टेकली की सगळ्या गावाला दिसतं. एका पुण्याच्या मॅडमनी, त्या जुन्या ऑफिशियल, मला समजावलं की पूर्वी देशाच्या नावाला मार्क पडायचे, मोठा देश आला की आपोआप वर, आता तसं करणं अवघड झालंय. २००० पासनं टोकियोपर्यंत ऑलिम्पिकमधली सगळी सुवर्णपदकं रशियाच्या पोरींनी नेली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये रशिया नव्हता तेव्हा दोन्ही चीनला गेली. आता त्यांच्याकडं बघून नुसत्या नावाचे मार्क म्हणणं पण चूकच, त्या होत्याच तशा. पण मुद्दा लक्षात आला.

त्याच मॅडमनी मला एक काम लावून दिलं जे माझ्या यादीत नव्हतं. म्हणाल्या, तुमच्या जागेवरनं अख्खं पाणी दिसतं, रूटीन संपलं की किती डोकी वर आली ते मोजत जा. कारण २०२२ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ सोलो संपल्यावर बेशुद्ध होऊन तळाला गेली होती, आणि तिची कोच आंद्रेआ फुएन्तेस अंगावरच्या कपड्यांसकट उडी मारून तिला वर घेऊन आली. मॅडमनी हे सांगितल्यापासनं मी गाणं संपलं की आधी डोकी मोजायचो, मग पुढची फाईल. आठ. आठ. दोन. आठ.

पोरांचीही रूटीन होती, मिक्स्ड ड्युएट म्हणजे एक पोरगा आणि एक पोरगी, वगैरे. जागतिक स्पर्धेत मिक्स्ड ड्युएट २०१५ ला कझानमध्ये आलं, आणि पॅरिस ऑलिम्पिकला टीममध्ये दोन पुरुष चालतील असा नियम झाला, पण प्रत्यक्षात एकही उतरला नाही, अमेरिकेच्या बिल मे या पोहणाऱ्याची पंचेचाळिशीत संधी येता येता राहिली. एका पोराला बघून आमच्या टीममधला एकजण काहीतरी फालतू बोलला. मी त्याला म्हणलं, नागठाण्याच्या बालगंधर्वांचं नाव सांगत फिरतोस ना, मग गप बस. गप बसला.

काम संपल्यावर स्पीकर वर काढताना मला फार बरं वाटलं, महापुरानंतर पहिल्यांदा पाण्यातनं काढलेला स्पीकर चालू होता. पुसले, केबल गुंडाळल्या, आणि ट्रॅव्हलरमध्ये सगळे मेल्यासारखे झोपले. पैसे आले, थोडे उशिरा पण पूर्ण आले.

आता त्या पुण्याच्या मॅडमचा फोन होता. त्यांच्याकडं शिकणाऱ्या पोरांना रोजच्या प्रॅक्टिसला पाण्यात स्पीकर नाही, सगळं चमचा आणि शिडीवर चालतं, स्पर्धेला गेलं की गाणं पहिल्यांदा पाण्यात ऐकू येतं आणि पोरं बिचकतात, तर भाड्यानं काही जमेल का. मावसभावाशी बोललोय, तो एक स्पीकर कमी भाड्यात द्यायला तयार आहे, ट्रान्सफॉर्मर आणि ईएलसीबीची पेटी मी करून देणार, आणि लावायला दर वेळी स्वतः जाणार, तिथल्या कुणाच्या हातात देणार नाही. मिरजेची चकती पण नेणार आहे. आणि हो, फार्महाऊसच्या टँकमध्ये पार्टीसाठी असले स्पीकर लावून मिळतील का म्हणून आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी विचारलंय. मिळणार नाहीत.